पाठकोऱ्या पुठ्ठ्यावरचा डोंगर

आमच्या हिनं त्या फोटोसमोर उभं राहून “अगं बाई!” म्हटलं, तेव्हा मी वाचनालयातल्या घड्याळाकडे बघितलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती तिथून हलली तेव्हा सहा वाजून चौदा. चार मिनिटं! आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी काढलेल्या फोटोंसमोर ही बाई सगळी मिळून चार मिनिटं उभी राहिली असेल तर शपथ. उलट “यात माझं एकच कोपर आलंय,” असं म्हणून ती फोटो परत करते.

फोटो कसला, तर मलंगगडाचा. आता मलंगगड डोंबिवलीतला कोणीही माणूस मागल्या दारी तोंड धुताना बघतो. त्यात “अगं बाई” करण्यासारखं काय आहे? पण या फोटोत आभाळ काळंभोर, झाडं पांढरीशुभ्र, आणि एरवी धुरकट दिसणाऱ्या त्या डोंगराची कपार न् कपार बोटानं मोजावी इतकी स्पष्ट. खाली चिठ्ठी टाचलेली: ‘मलंगगड, दुर्गाडीवरून. इन्फ्रारेड. सुधीर कोठारे.’

हा सुधीर कोठारे आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत पंचावन्न सालच्या गणपतीत राहायला आला. वय अठ्ठावीस, लग्न नाही, मुंबईत कुठल्याशा कंपनीत नकाशे काढतो. दिसायला बरा आहे. बरा म्हणजे बायका ज्याला बरा म्हणतात तसा. मला स्वतःला त्यात विशेष काही आढळलेलं नाही. तो येण्यापूर्वी चाळीचा फोटोग्राफर मी होतो. बारसं असो, मुंज असो, कोणाची पेन्शन असो, “आठल्यांना बोलवा” असंच म्हणत. माझ्या फोटोंत माणसांची डोकी कापली जातात असा एक प्रवाद आहे, पण ती माणसं मुळातच उंच होती. ते असो.

त्या रात्री जेवताना ही म्हणाली, “काय हो, ती झाडं कशी मोगऱ्यानं डवरल्यासारखी दिसत होती नाही?”

“भाजी वाढ,” मी म्हणालो.

“आणि तो डोंगर! मी आज पहिल्यांदा नीट बघितला.”

“भाजी!”

तिनं भाजी वाढली. भेंडीची होती, माझ्या आवडीची, आणि ती मला गोड लागली नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखत होतं. त्याला चार मिनिटं आणि मला कोपर? मी ठरवलं, या बाईच्या तोंडून माझ्या फोटोपुढं “अगं बाई” निघालं पाहिजे. मग काय वाटेल ते होवो.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सुधीर भेटला. मी सहज विचारावं तसं विचारलं, “काय हो कोठारे, हे इन्फ्रारेड म्हणजे नक्की काय प्रकरण आहे?”

त्याला तेवढंच हवं होतं. तांबड्या रंगाच्याही पलीकडे एक प्रकाश असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पण काचेच्या खास प्लेटांवर उमटतो. धुक्यातून, धुरकटातून तो आरपार येतो. झाडांची पानं तो परतवतात, म्हणून पांढरी दिसतात. भिंगापुढं गडद लाल काच लावायची, की झालं. “फक्त एक लक्षात ठेवा आठल्येसाहेब,” तो म्हणाला, “डोळ्यांनी फोकस केल्यावर भिंग जरासं—”

“कळतं हो मला!” मी म्हणालो. “तुम्ही शाळेत होता तेव्हापासून फोटो काढतोय मी.”

“तसं नाही, काही अडलं तर विचारा, एवढंच.”

विचारा! मी? याला? मी जिना उतरलो तो ताठ मानेनं, आणि शेवटची पायरी चुकलो.

त्यात तात्या सोमणांनी तेल ओतलं. तात्या म्हणजे आमच्या वाचनालयाचे चिटणीस, निवृत्त हेडमास्तर. पुस्तक उशिरा आणलं तर अजूनही लोकांना कोपऱ्यात उभं करतील असा त्यांचा चेहरा आहे. त्यांनी फळ्यावर लिहिलं: वर्धापनदिनानिमित्त सभासदांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन, सर्वोत्तम चित्र वर्षभर वाचनालयाच्या भिंतीवर राहील. ‘तूर्त भिंतीवर श्री. कोठारे यांचे चित्र आहे’ ही ओळ त्यांनी का लिहिली कोण जाणे. ते सगळ्यांना दिसत होतंच की!

कॅमेरा माझ्याकडे होता. मामांचा. लाकडी, भात्याचा, तिपाईवर ठेवून डोक्यावर काळं फडकं घ्यायचा. फक्त त्याचं भिंग मामीनं वाती वळताना वात मोठी दिसावी म्हणून काढून घेतलेलं, ते परत मिळालं नव्हतं. तेव्हा भिंग हवं होतं. ठाण्याला आमच्या कचेरीच्या वाटेवर सहदेव म्हात्र्यांचा स्टुडिओ होता, तिथं मी गेलो. सहदेवांनी तीन भिंगं काचेवर मांडली. “घेऊन जा सायेब तिन्ही. पंधरा दिस वापरून बघा. नाय पटलं त्ये परत आणा.”

तीन स्थळं एकदम घरी आणल्यासारखं वाटलं मला. पहिलं जर्मन, निळसर झाक, तोरा मोठा, नुसतं उचललं तरी बोटाचा ठसा उमटायचा. दुसरं विलायती, पितळी, अंगानं चांगलं भरलेलं. तिसऱ्यावर नाव ना गाव, आणि काचेवर एक बारीक चरा. “हे कशाला देता?” मी विचारलं. सहदेव म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. कधी कधी ज्यावर कोनाची नजर नाय, त्येच बरं निघतं.” मुलीकडची माणसं असंच बोलतात. मी लक्ष दिलं नाही.

भिंगाची परीक्षा कशी घ्यायची हे मला एका जुन्या पुस्तकात सापडलं होतं. वर्तमानपत्राचं अख्खं पान भिंतीवर ताणून लावायचं, त्याचा फोटो काढायचा, आणि मग चारी कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात का ते बघायचं. सोपं काम. रविवारी सकाळी मी चाळीच्या बाहेरच्या भिंतीवर पेपर खिळ्यांनी ठोकला आणि कॅमेरा आणायला घरात गेलो. परत येतो तो भिंतीपुढं नऊ माणसं! चाळीचा समज झाला होता की आठल्यांनी फुकट वाचनाची सोय केली. शेजारच्या गंगुबाई चष्मा लावून पहिल्या ओळीत. मला बघून म्हणाल्या, “बरं केलंत हो आठल्ये. पण उलटून लावा. बाजारभाव मागल्या पानावर असतात.”

“गंगुबाई, हा वाचायचा पेपर नाही.”

“मग कसला?”

“हा फोटो काढायचा पेपर आहे.”

गंगुबाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि आमच्या दाराकडे तोंड करून ओरडल्या, “मंदे, यांना रात्री झोप लागते का गं?”

साध्या प्लेटांवर तिन्ही भिंगं उत्तम उतरली. एका फोटोत बंडीतल्या एका गृहस्थांची पाठ आली, पण पाठीच्या चारी बाजूंची अक्षरं वाचता येत होती. आता खरी परीक्षा इन्फ्रारेडची. त्या प्लेटा विलायतेहून येणाऱ्या, मोठ्या खटपटीनं मला सहा मिळाल्या. त्या गारव्यात ठेवाव्या लागतात. आमच्या घरात गारवा एकच, पाण्याच्या रांजणाशेजारी. हिनं डबा बघितला आणि विचारलं, “हे काय, उंदरांचं औषध?” “इन्फ्रारेड आहे,” मी म्हणालो. “पाण्यात पडलं तर?” “तर आपण सगळे पांढरे दिसू.” ती हसली नाही. तिनं रांजण हलवला.

या प्लेटा पेटीत भरायच्या म्हणजे मिट्ट अंधार लागतो. भर दुपारी मी धान्याच्या कोठीत शिरलो, दाराला दोन गोधड्या लावल्या, वर तिसरी स्वतःवर घेतली. घामानं अंघोळ झाली. पाच प्लेटा चाचपडत बरोबर भरल्या. सहावी हातात, आणि दार उघडलं. उजेडात गंगुबाई उभ्या, हातात वाटी.

“अगो बाई, तुम्ही इथं होय! विरजण हवं होतं जरासं.”

“दार लावा!”

“लावते हो. पण असं गोधडीत बसायचं झालंय तरी काय? भांडलात का मंदाशी?”

सहावी प्लेट गेली. उरल्या पाच. विरजण मात्र त्यांना मिळालं, हिनं हसतमुखानं दिलं.

इन्फ्रारेडला ऊन लागतं, आणि आमच्या भिंतीवर दुपारनंतर सावली. तेव्हा अंगणात शेवग्यापुढं हिलाच उभं केलं आणि पेपर दोन्ही हातांनी समोर ताणून धरायला सांगितलं. वर फक्त तिचं तोंड. प्रत्येक भिंगाला एक प्लेट, प्रत्येकी दहा सेकंद.

“हलू नकोस.”

“आमटी उतू जाईल.”

“दहा सेकंदांत कुठली आमटी उतू जाते?”

पहिलं भिंग झालं, दुसरं झालं. तिसरं, ते चऱ्याचं, लावलं आणि काळ्या फडक्याखाली डोकं घालून मी चौथ्या कॉलमवर फोकस जुळवत बसलो. बराच वेळ लागला. पेपरावरून ही म्हणाली, “इश्श, आज किती बघताय माझ्याकडे! काय झालंय तरी काय?”

“तुझ्याकडे नाही गं,” मी फडक्यातून म्हणालो, “मुंबईच्या हवामानाकडे बघतोय. चौथा कॉलम. आता बोलू नकोस, एक, दोन, तीन…”

ती बोलली नाही. दहापर्यंत एक शब्द बोलली नाही. मग पेपराची व्यवस्थित घडी घातली, माझ्या हातात दिली आणि आमटी बघायला गेली. आमटी उतू गेली नव्हती.

प्लेटा सहदेवांकडे धुवायला दिल्या. अक्षरं नीट तपासायची म्हणून मोठ्या प्रती करून पुठ्ठ्यावर चिकटवून घेतल्या. आणि काय सांगू? तिन्हींत एक अक्षर लागत नव्हतं! पेपर म्हणजे नुसता खळीचा गोळा. ज्या भिंगांनी साध्या प्लेटांवर ठिपकान्‌ठिपका दाखवला, ती तिन्ही इन्फ्रारेडपुढं आंधळी. मी भिंगाची काच घेऊन चारी कोपरे पालथे घातले. चिडून म्हणालो, “फसवलंत म्हात्रे. तिन्ही बाद.”

“सायेब, पन ह्यात बाईंचा—”

“बाईंचं राहू द्या हो! अक्षरं बघा अक्षरं!”

त्यातल्या त्यात चऱ्याच्या भिंगाचा गोळा मला जरा कमी पसरट वाटला, म्हणून ते ठेवलं आणि बाकीची दोन परत केली. सुधीरला विचारलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. तो वरच्या मजल्यावर होता, एकवीस पायऱ्या. त्या एकवीस पायऱ्या काही मला चढवेनात.

उरल्या दोन प्लेटा. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावर जाणं शक्य नव्हतं. मी काय त्याची नक्कल करू? मी खाडी निवडली. ठाण्याच्या बाजूनं खाडी, पलीकडे पारसिकचा डोंगर, खारफुटी पांढरी फटक, पाणी काळं; बघणारा आडवा पडला पाहिजे. निघताना हिनं विचारलं, “मी येऊ का?”

“तू येऊन काय करणार?”

“काही नाही,” ती म्हणाली आणि दाराला कडी घातली.

खाडीकाठी तिपाई रोवली, फडक्यात डोकं घातलं, आणि पाठीवर काठी टोचली. बाहेर डोकं काढलं तर पोलीस. “पुलाचा फोटो काढता?” त्याचं बरोबर होतं, डाव्या कोपऱ्यात रेल्वेचा पूल होता, हे मला तोपर्यंत दिसलंच नव्हतं. मी म्हणालो, पूल नको असेल तर येऊ नये त्यानं फोटोत, मी डोंगर काढतोय. तो म्हणाला, डोंगर एवढा समोर आहे, त्याला दहा मिनिटं फडक्यात तोंड लपवून कशाला बघायला हवं? मी म्हणालो, जो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही त्याचा फोटो आहे. हे सांगायला नको होतं. “दिसत नाही त्याचा फोटो?” असं म्हणून त्यानं प्लेटची पेटी घेतली, आत काय आहे ते बघू म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती उघडली. आत त्याला काही दिसलं नाही. प्लेट गेली. “परवानगी आणा आणि मग काय ते काढा,” एवढं सांगून तो गेला.

परवानगी द्यायची ती नेमकी आमच्याच कचेरीनं. मी ठाण्याला एका सरकारी कचेरीत आहे. कुठल्या ते सांगत नाही, अजून मला तिथं सात वर्षं काढायची आहेत. मी रीतसर अर्ज लिहिला आणि आवकच्या टेबलावर दिला. तासाभरानं भिवा शिपायानं कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर आणून टाकला. सर्वांत वर माझा अर्ज. किरकोळ परवानग्यांचं टेबल माझंच!

आता कोणीही म्हणेल, मार शेरा आणि मोकळा हो. पण पंधरा वर्षांची सवय. अर्ज हातात आला की माझ्या हातात लाल पेन्सिल येते, त्याला मी काय करू? अर्ज वाचला. मोघम होता. मी समासात लिहिलं: ‘१. अर्जदाराचा हेतू स्पष्ट नाही. २. अदृश्य प्रकाश म्हणजे काय, खुलासा व्हावा. ३. इतका खटाटोप एका फोटोसाठी कशाकरिता?’ सही केली, पुढचा कागद घेतला. भिवा गठ्ठा घेऊन गेल्यावर माझ्या लक्षात आलं. धावत गेलो तर नोंद होऊन पाकीट बंद झालेलं. “आता फोडता येत नाही रावसाहेब,” भिवा म्हणाला. “तुमचाच नियम हाय.”

आठ दिवसांनी पाकीट डोंबिवलीला घरी आलं. हिनं वाचून माझ्यापुढं धरलं. “अहो, हे अक्षर तुमचंच ना?”

“हो.”

“मग तिसऱ्याचं उत्तर मलाही सांगा.”

मी पाकीट खिशात घातलं. उत्तर काय देणार? तुझं “अगं बाई” मला हवं आहे, असं बायकोला तोंडावर कोणी सांगतं का?

वर्धापनदिन चार दिवसांवर आला. एक प्लेट उरलेली. शेवटी अपमान गिळून दुर्गाडीवर गेलोच. ऊन चांगलं होतं, पोलीस नव्हता, गंगुबाई नव्हत्या. मी मलंगगडाच्या माथ्यावर असा काटेकोर फोकस केला की डोळ्यांत पाणी आलं. लाल काच लावली, श्वास रोखला, दहा आकडे मोजले. घरी येताना मी शीळ घालत होतो.

सहदेवांनी प्रत पालथी करून दिली. आभाळ काळं होतं, झाडं पांढरी होती, सगळं होतं, फक्त डोंगर तिथं नव्हता. त्याच्या जागी जोंधळ्याच्या पिठाचा एक ढीग. रात्रभर ती प्रत दिव्याजवळ, दिव्यापासून लांब, तिरपी, सरळ अशी धरून बघितल्यावर माझी खात्री पटली की यालाच कला म्हणतात. नावही सुचलं: ‘निसर्गाची भव्य शांतता’.

राहिला पुठ्ठा. घरात कोरा पुठ्ठा नव्हता, पण त्या बाद भिंगांच्या परीक्षेचे तीन होते, आणि त्यांच्या पाठी कोऱ्या होत्या. सरकारी कचेरीतल्या माणसाच्या हातून पाठकोरा कागद फेकला जात नाही. आमच्याकडे वाण्याची यादी लग्नपत्रिकेच्या पाठीवर असते. वर होता तो पुठ्ठा उचलला, मागच्या बाजूला डोंगर चिकटवला, नावाची चिठ्ठी वेगळी पाकिटात घातली, आणि सगळं तात्यांच्या स्वाधीन केलं. चित्रं लावायचं काम सुधीरकडे आहे हे ऐकून मी मनात म्हटलं, लाव बेट्या, तुझ्याच हातानं लाव.

वर्धापनदिनाला मी मुद्दाम उशिरा गेलो. आपल्या चित्रापुढं गर्दी जमायला वेळ द्यावा लागतो. आणि गर्दी होती! सुधीरच्या मलंगगडापुढं कोणी नव्हतं. सगळी चाळ डाव्या कोपऱ्यात. पुढं गंगुबाई, आणि त्यांच्याशेजारी पाठमोरी आमची ही. मी मागं जाऊन उभा राहिलो आणि तेवढ्यात मला ते ऐकू आलं.

“अगं बाई,” ही म्हणाली.

तेव्हा म्हणाली होती तसं मोठ्यानं नाही. अगदी हळू, स्वतःशीच. मी टाचा उंचावून भिंतीकडे बघितलं.

भिंतीवर डोंगर नव्हता. भिंतीवर ही होती. पांढराशुभ्र शेवगा मागं, समोर धरलेल्या पेपराचा धुरकट गोळा, आणि त्या गोळ्याच्या वर हिचं तोंड, पापणी न् पापणी दिसेल इतकं स्वच्छ. गालांवरचे वांग, ज्यांचा तिला इतका राग आहे, ते कुठल्या कुठे गेलेले. डोळे काळेभोर, आणि ते सरळ बघत होते. हसता हसता मध्येच थांबल्यावर माणूस बघतं तसे. ते आकडे मला आठवले. एक, दोन, तीन. आणि खाली माझ्याच अक्षरात चिठ्ठी: ‘निसर्गाची भव्य शांतता’.

“शांतता?” गंगुबाई म्हणाल्या. “मंदा?” सगळं वाचनालय हसलं. तात्यासुद्धा हसले, आणि हसायला मनाई असल्याची पाटी त्यांच्याच डोक्यावर होती.

मी सुधीरला बाजूला ओढलं. “हे काय केलंत? माझं चित्र मागच्या बाजूला आहे!”

“दोन्ही बाजू बघितल्या मी,” तो म्हणाला. “मागं तो डोंगराचा खराब झालेला फोटो होता. मला वाटलं, तुम्ही पाठकोरा पुठ्ठा वापरला.”

मी त्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

“फोकस डोळ्यांनी जुळवलात आणि तसाच ठेवलात, हो ना? इन्फ्रारेडला भिंग जरासं पुढं ओढावं लागतं. नाहीतर समोर जे धरलंय ते सुटतं आणि त्याच्या मागचं स्पष्ट येतं. पेपर सुटला, आणि पेपरामागं वहिनी होत्या.”

“आणि डोंगराच्या वेळी?”

“डोंगरामागं काय असणार, आठल्येसाहेब?”

मग तो परत त्या फोटोकडे वळला. “एक सांगू? मला तुमचा हेवा वाटतो,” तो म्हणाला. “दोन वर्षं मी डोंगर काढतोय. माझ्याकडे असं कोणी बघितलेलं नाही.”

हे ऐकायला मी जीव टाकत होतो! दोन महिने मी याच वाक्यासाठी गोधडीत घामेजलो होतो. आणि ते ऐकलं तेव्हा माझं लक्ष कुठं होतं? घड्याळाकडे. सुधीर त्या फोटोपुढं सात मिनिटं उभा होता. सात! शिवाय बंडीवाले गृहस्थ, पोस्टमास्तर, पुढच्या गल्लीतले दोघे, ज्यांना मी ओळखतही नाही. तात्यांनी जाहीर केलं की हेच चित्र वर्षभर भिंतीवर राहील. टाळ्या झाल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या बायकोकडे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्यानं बघायचं? आणि वर्गणी भरून?

दुसऱ्याच दिवशी मी अर्ज केला: ‘सदर चित्र मालकास परत मिळावे.’ तात्या हेडमास्तर असले तरी कागदाला माझ्याइतकेच पक्के. त्यांनी शेरा मारला: ‘कारण नमूद नाही. चित्रातील बाईंची लेखी संमती जोडावी.’

मी तो कागद हिच्यापुढं ठेवला. ती तांदूळ निवडत होती. वाचला, माझी लाल पेन्सिल मागून घेतली, आणि खाली लिहिलं: ‘संमती नाही.’

“अगं, पण का? सगळं गाव बघतं तुझ्याकडे!”

“गाव बघतं ना,” ती तांदळातला खडा टाकत म्हणाली. “अकरा वर्षं मी तुमच्यासमोर वावरतेय. तुमचं तोंड पेपरात. त्या दिवशी फडक्यातून बघत होता, तेव्हा मला वेडीला वाटलं, चला, आज तरी. तर तुम्ही हवामान बघताय! राहू दे माझा फोटो तिथं. घरी आणलात तर त्याच्यावरही पेपर टांगाल.”

माझ्या टेबलावर इतकी वर्षं अर्ज येतात, पण असा सरळ शेरा मी कोणाच्या अर्जावर मारलेला नाही.

तेव्हापासून मी रोज कचेरीतून परस्पर वाचनालयात जातो. पेपर घेतो आणि डाव्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो. दुसरं कोणी त्या फोटोपुढं रेंगाळलं तर मी खाकरतो. परवा सुधीर आला तेव्हा इतका खाकरलो की तात्यांनी पाणी आणून दिलं. काल तर त्यांनी दिवे मालवायला घेतले तेव्हा मला कळलं की साडेसात वाजून गेले.

घरी आलो. ही ओट्यापाशी होती.

“इतका वेळ कुठं होतात?”

“वाचनालयात. पेपर वाचत होतो.”

“आजचा पेपर सकाळपासून घरात पडलाय,” ती म्हणाली. तिनं तो फळीवरून घेतला, उलगडला, दोन्ही हातांनी समोर ताणून धरला, आणि त्याच्यावरून माझ्याकडे बघितलं.

किती वेळ, ते सांगता येणार नाही. घड्याळ बघायचं राहून गेलं. आमटीचा वास आला तेव्हा ती उतू गेली होती.